ठिकाण : नाशिक

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला, रिक्षांच्या रांगेला लागून, झेरॉक्सची दुकानं आहेत. लॅमिनेशन, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट आणि ‘बायोडेटा बनवून मिळेल’, असं सगळं एकाच फ्लेक्सवर. परवा अशाच एका दुकानात एका मुलाचा बायोडेटा पाच मिनिटांत तयार झाला. ऑपरेटरने डेस्कटॉपवरची कुणाची तरी जुनी फाइल उघडली, नाव बदललं, मोबाइल नंबर बदलला, बी.कॉम.पुढे टक्के टाकले, तीन प्रती काढल्या, स्टेपल मारली. मुलगा पैसे देऊन निघालाही. स्क्रीनवर फाइल उघडीच राहिली होती आणि अगदी शेवटी, ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ अशा अर्थाच्या इंग्रजी घोषणेखाली, डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ठिकाण : नाशिक. कधीकाळी त्या दुकानात येऊन गेलेल्या कुणाचं तरी गाव या मुलाच्या सहीशेजारी छापलं गेलं होतं.

चूक तशी किरकोळ. ती ओळ कुणी वाचत नाही. पण मनातून जात नव्हतं ते वेगळंच. शेवटची ओळ जशी त्याची नव्हती, तशी पहिलीही नव्हती. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधणे’ हे उद्दिष्ट विरारपासून पनवेलपर्यंतच्या झेरॉक्सवाल्यांच्या संगणकांत जसंच्या तसं पडून आहे आणि दरवर्षी हजारो पोरं ते आपल्या नावाखाली घेऊन मुलाखतीला जातात. मधल्या मजकुरात तो मुलगा कितीसा होता, कोण जाणे.

वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघितलं की या उसन्या वाक्याने होणारं नुकसान कळतं. लोअर परळ किंवा ऐरोलीतल्या एखाद्या ऑफिसातल्या रिक्रूटरला एकाच वेळी अनेक जागा भरायच्या असतात; सकाळी जाहिरात टाकली की दुपारपर्यंत अर्जांचा ढीग. अमेरिकेतल्या ‘द लॅडर्स’ या नोकऱ्यांच्या वेबसाइटने रिक्रूटरांची नजर पानावर कुठे फिरते याची पाहणी केली होती. पहिल्या चाळणीत एका अर्जाला २०१२ साली सुमारे सहा सेकंद मिळत होते, २०१८ साली साडेसातच्या आसपास. आपल्याकडे नेमके तेवढेच मिळतात असं नव्हे, पण मिनिटभरही मिळत नाही हे या धंद्यातलं कुणीही सांगेल. तेवढ्यात नजर जाते ती नावावर, सध्याच्या पदावर आणि कंपनीवर, तारखांवर, त्याआधीच्या नोकरीवर आणि शिक्षणावर. पानाचा वरचा तिसरा हिस्सा म्हणजे सगळ्यात मोलाची जागा, आणि नेमकं तिथेच ते ‘आव्हानात्मक वातावरण’ ऐसपैस बसलेलं असतं. ते उठवायचं आणि तिथे दोन-तीन ओळी अशा लिहायच्या की वाचणाऱ्याला पुढचा निर्णय घेता येईल : ‘अकाउंट्स असिस्टंट, तीन वर्षांचा अनुभव. टॅली प्राइम, मासिक जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन. नोटीस पिरियड १५ दिवस.’ नोटीस पिरियड कमी असेल तर तो वर घ्यायलाच हवा, कारण उद्या माणूस हवा असलेल्या कंपन्या मुंबईत कायम असतात. नव्वद दिवसांचा असेल तर तो वर मिरवायचं कारण नाही. विचारलं की खरं सांगायचं आणि बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटणं) होत असेल तर तेही सांगायचं.

दुकानातल्या त्या साच्यात आणखी एक गंमत असते. तो साचा अर्धा लग्नाचा असतो. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, क्वचित उंचीसुद्धा. स्थळ पाठवताना हे सगळं लागतं, मालाडच्या बॅक ऑफिसला यातलं काहीच लागत नाही. उलट जे वाचणाऱ्याला कळायला नको ते आपण होऊन त्याच्या हातात दिलं जातं, आणि त्यावरून कुणी मनात काय ठरवलं हे आपल्याला कधीच कळत नाही. काही जण तर पॅन, आधार आणि पासपोर्टचे नंबरही लिहितात. हा कागद किती हातांतून जाईल याचा नेम नसतो. कन्सल्टन्सीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तो फिरतो. ते नंबर ऑफर आल्यावर, कागदपत्रांच्या वेळी, थेट कंपनीलाच द्यायचे. फोटो मागितला तरच. केबिन क्रू किंवा फ्रंट ऑफिससाठी मागतात, इतरत्र सहसा नाही. ‘वरील माहिती सत्य आहे’ची घोषणा खासगी नोकरीत बिनकामाची, आणि सरकारी भरतीत प्रतिज्ञापन ज्याच्या-त्याच्या अर्जातच असतं. ती काढून टाकली की नाशिकचा प्रश्नही आपोआप मिटतो.

पत्त्याचं मात्र मुंबईत वेगळं आहे. बिल्डिंग, विंग, अमक्या मंदिरामागे, तमक्या बँकेसमोर, असा चार ओळींचा पोस्टाचा पत्ता नको. पण उपनगर हवंच. कारण अंधेरीच्या सीप्झमध्ये बसलेला रिक्रूटर ‘बदलापूर’ वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात लोकल धावू लागते. बदलापूर ते दादर, दादरला पूल चढून वेस्टर्न, अंधेरीला उतरून पुन्हा रिक्षा किंवा बस. म्हणजे जाऊन-येऊन चार तास, म्हणजे सहा महिन्यांत माणूस सोडून जाणार. हे गणित तो तोंडावर बोलून दाखवत नाही, फक्त फोन करत नाही. अन्याय आहे, पण त्याच्याही जागा अशाच रिकाम्या झालेल्या असतात. म्हणून आपलं गणित आपणच मांडून टाकलेलं बरं. घाटकोपरला राहणाऱ्याने नुसतं ‘घाटकोपर (प.)’ लिहिलं तरी पुरतं, २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आल्यापासून अंधेरी तिथून वीस मिनिटांच्या आत आहे. डोंबिवली-बदलापूरकराने मात्र ‘अंधेरीत राहायला येण्याची तयारी’ किंवा ‘सध्याही रोज अंधेरीलाच जातो’ यातलं जे खरं असेल ते पत्त्याशेजारीच लिहावं. रात्रपाळीची जागा असेल तर ‘पिक-अप ड्रॉप नाही, जमेल का’ हा प्रश्न येणारच, विशेषतः मुलींना. त्याचं उत्तर घरात आधी ठरलेलं असावं.

हे सगळं झालं तरी कागद कोराच वाटतो.

कारण खरी अडचण फॉन्टची नाही, मार्जिनचीही नाही. (फॉन्ट साडेदहा ते बाराच्या दरम्यान, मार्जिन अर्धा ते एक इंच, विषय संपला.) आपल्याकडे आपल्याबद्दल चांगलं बोलायचं ते दुसऱ्याने. पहिल्या नंबरात आलेल्या पोराचे पेढे वाटतानासुद्धा आई ‘ठीक आहेत मार्क’ म्हणते. ‘जास्त शहाणपणा मिरवू नकोस’ ऐकत वाढलेल्या मुलामुलींना पानभर स्वतःबद्दल लिहायला बसवलं की दोनपैकी एक होतं. एक तर सगळं काम ‘टीम’च्या नावावर घालून ते बाजूला उभे राहतात. नाहीतर संकोच झाकायला विशेषणं गोळा करतात : मेहनती, प्रामाणिक, डायनॅमिक, लवकर शिकणारा. पहिल्या प्रकारात माणूस दिसत नाही, दुसऱ्यात तो इतर पाचशे जणांसारखा दिसतो. या पेचातून सुटायला मला आकडा हा सगळ्यात सभ्य मार्ग वाटतो. आकडा लिहिताना बढाई मारल्यासारखं वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही हवा असतो तोच.

एखाद्या अकाउंट्स असिस्टंट मुलीच्या बायोडेटातलं ‘अकाउंट्सची सर्व कामे पाहिली’ हे वाक्य घ्या. ते चुकीचं नाही, पण त्यात काहीच नाही. त्याला प्रश्न विचारायचे. कशात? टॅलीत. किती? महिन्याला साधारण चारशे व्हाउचर. आणखी काय? जीएसटी. म्हणजे नेमकं काय, रिटर्न कोण भरतं? भरतात सीए, पण जीएसटीआर-१ चा (विक्रीच्या रिटर्नचा) डेटा ११ तारखेआधी आणि ३बी चा (महिन्याच्या एकत्रित रिटर्नचा) २० तारखेआधी तयार करून त्यांच्याकडे ती पाठवते. बँक? तीन खाती, दर महिन्याला मेळ. उधारी? जुन्या येणे रकमांची यादी तिनेच केली आणि चाळीसेक ग्राहकांना फोन तिनेच केले. आता एका वाक्याच्या चार ओळी झाल्या, इंग्रजीत लिहिताना प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू होणारी, प्रत्येकीत एक आकडा, आणि यातलं खोटं काहीच नाही. क्रियापदाच्या बाबतीत काटेकोर राहायचं. डेटा तयार केला असेल तर ‘तयार केला’, रिटर्न ‘भरलं’ नव्हे. कारण समोर बसलेला माणूस सहज विचारतो, ‘३बी मध्ये रिव्हर्स चार्ज कुठल्या रकान्यात दाखवता?’ आणि ज्याने स्वतः भरलेलं नाही तो तिथेच गडबडतो. आकड्यांचंही तसंच. ‘साधारण चारशे’ चालतं, कारण रोजचे पंधरा-वीस कसे होतात हे सांगता येतं. ‘कार्यक्षमतेत ३७ टक्के वाढ’ चालत नाही, कारण पुढचा प्रश्न ‘कशाच्या ३७ टक्के?’ हा असतो.

आणि गाळलं काय जातं ते बघितलं तर हळहळ वाटते. लालबाग-परळच्या गल्ल्यांतली कितीतरी पोरं गणेशोत्सव मंडळात वयाच्या अठराव्या वर्षापासून राबतात. पावती-पुस्तकं छापून घेणं, घरोघरी वर्गणी, जमा-खर्चाची वही, मंडपासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची परवानगी, पोलीस ठाण्याची आणि वाहतूक पोलिसांची ना-हरकत, डेकोरेटरशी घासाघीस, विसर्जनाच्या दिवशी साठ-सत्तर स्वयंसेवकांच्या पाळ्या लावणं, आणि शेवटी हिशेब ऑडिटला देणं. यातलं एकेक काम कंपनीत गेलं की त्याला स्वतंत्र खुर्ची असते. आणि त्या पोराच्या रेझ्युमेत शेवटी छंद म्हणून काय लिहिलेलं असतं? क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे. खजिनदार होता हे लिहायची लाज वाटते, ‘ते काय काम आहे का’ म्हणून. फ्रेशरच्या पानावर ते अनुभवाच्याच मथळ्याखाली जायला हवं : मंडळाचं नाव, पद, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, वर्गणी किती जमवली, किती जणांचं काम पाहिलं. आईच्या डब्यांच्या व्यवसायातले व्हॉट्सअॅपवरचे ऑर्डर आणि महिन्याची वसुली जी मुलगी सांभाळते, तिचंही तेच. पक्षाचं, नेत्याचं नाव मात्र मध्ये आणू नये. वाचणारा कुठल्या बाजूचा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

शिक्षणाचं थोडक्यात. ताजं आधी, जुनं नंतर. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर सीजीपीआय (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर तोच लिहावा आणि ‘१० पैकी’ हे सोबत. स्वतःच्या मनाने दहाने गुणून टक्के काढू नयेत, कारण कागदपत्रं तपासताना ते जुळत नाहीत आणि उगाच लबाडी केल्यासारखं दिसतं. केटी लागली होती, म्हणजे एखादा विषय मागे राहिला होता, हे रेझ्युमेत लिहावं लागत नाही, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष खरं लिहिलं की बास. एखादा विषय अजून राहिलेला असेल तर मात्र ‘बी.कॉम. पूर्ण’ म्हणू नये. दहावी-बारावीचे टक्के फ्रेशरने लिहावेत, तीन-चार वर्षं नोकरी झाली की गाळावेत. फ्रेशरला एक पान पुरतं, आठ-दहा वर्षंवाल्याला दोन; तिसऱ्या पानावर जे असतं ते बहुधा २००९ सालचं प्रशिक्षण शिबिर असतं.

मधल्या रिकाम्या वर्षांची भीती सगळ्यांनाच वाटते आणि मग तारखा ताणल्या जातात. मार्चमध्ये सोडलेली नोकरी डिसेंबरपर्यंत नेली जाते. पूर्वी हे खपायचं. २०१४ पासून पीएफसाठी यूएएन हा कायमचा एकच नंबर आला आणि एका माणसाच्या सगळ्या नोकऱ्या, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसकट, एकाच नंबराखाली दिसू लागल्या. पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करते, आणि तारखा जुळल्या नाहीत तर ऑफर लेटर हातात आल्यानंतर, जुनी नोकरी सोडल्यानंतर, ती ऑफर परत जाते. त्यापेक्षा एक ओळ लिहावी. ‘२०२१-२३ : एमपीएससीची तयारी, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण.’ ‘२०२०-२२ : बाळंतपण आणि घरची जबाबदारी, याच काळात जीएसटीचा सर्टिफिकेट कोर्स.’ एवढंच. आईचं आजारपण, सासरची परिस्थिती, कंपनी कशी बुडाली, हे पानावर नको. महाराष्ट्रात घराघरात कुणीतरी पुण्याला जाऊन अभ्यास केलेलं असतं. मुंबईतल्या रिक्रूटरला एमपीएससीची दोन वर्षं समजावून सांगावी लागत नाहीत.

हल्ली दुकानाऐवजी मोबाइलवरच्या तयार टेम्प्लेटचा जोर आहे. डावीकडे रंगीत पट्टा, गोलात फोटो, फोनच्या जागी फोनचं चित्र, एक्सेलपुढे पाचपैकी चार तारे. दिसायला झकास. पण वर्कडे, झोहो रिक्रूट यांसारखी सॉफ्टवेअर ही फाइल वाचतात तेव्हा त्यातला मजकूर उपसून आपल्या रकान्यांत भरतात, आणि दोन कॉलम असले की पेपरातल्या शेजारशेजारच्या दोन बातम्या सरळ आडव्या वाचाव्यात तसं कधीकधी होतं : अर्धी ओळ शिक्षणाची, अर्धी नोकरीची. हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही सॉफ्टवेअरना दिसतच नाही. चार तारे तर कुणालाच कळत नाहीत. ‘पिव्होट टेबल, व्हीलूकअप’ लिहिलं तर माणसालाही कळतं आणि यंत्रालाही. तपासायला सोपी युक्ती आहे. पीडीएफ उघडायची, सगळं सिलेक्ट करून कॉपी करायचं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. तिथे जे क्रमाने, नीट दिसेल तेवढंच समोर पोचणार. काहीच पेस्ट झालं नाही तर त्या पीडीएफमध्ये मजकूर नसून नुसता फोटो आहे. मराठी वर्तमानपत्रात किंवा संस्थेत अर्ज करायचा म्हणून दुकानातून श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप करून घेतलेला बायोडेटा असाच पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा चिखल होतो. युनिकोडमध्येच टाइप करून मागावा.

‘मशीनने रिजेक्ट केलं’ असं लोक म्हणतात ते मात्र निम्मंच खरं. अर्जाबरोबरच्या प्रश्नावलीत ‘नाइट शिफ्ट चालेल का’ला ‘नाही’वर टिक केली तर यंत्र बाहेर काढतं. एरवी बहुतेक वेळा होतं ते असं : रिक्रूटर सर्चमध्ये ‘अकाउंट्स पेयेबल’ टाकतो, तुमच्याकडे ‘व्हेंडरांची बिलं’ असतं, आणि तुम्ही यादीत येतच नाही. म्हणून जाहिरातीतली जेडी (कामाचं वर्णन) शेजारी ठेवून, आपण खरोखर करत असलेल्या कामासाठी तिने वापरलेला शब्द तसाच उचलायचा. पांढऱ्या अक्षरांत शंभर कीवर्ड लपवायची आयडिया कुणी दिली तर हसून सोडून द्यावी. मजकूर उपसला की ती अक्षरं काळी होतात.

फाइलचं नाव ‘रेझ्युमे न्यू फायनल २’ नको. आपलं नाव आणि पद. आणखी एक बारीक जागा आहे, जिकडे कुणी बघत नाही. वर्डच्या फाइलमध्ये, इन्फोच्या पानावर, टायटल आणि ऑथर असे दोन रकाने असतात. दुसऱ्याच्या फाइलवर आपलं नाव टाइप केलं तरी तिथे जुनंच नाव राहू शकतं, आणि पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर टायटलमधलं नाव झळकतं. दुकानातून करून आणलेला बायोडेटा पाठवण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

आता पाठवायचं कसं. नोकरीच्या साइटवर टाकावं, कंपनीच्या करिअर पेजवर टाकावं, पण मुंबईत अजूनही बरंच काम ओळखीने पुढे सरकतं. पवईतल्या कुठल्या तरी कंपनीत असलेल्या मामाला रात्री अकराला रेझ्युमे जातो, खाली मेसेज : ‘मामा, बघ ना काही होतंय का.’ मामाने त्याचं करायचं काय? कुठली जागा, कुठलं शहर, अनुभव किती, काहीच माहीत नाही. तो ‘बघतो’ म्हणतो आणि मनापासून बघायचं असूनही राहून जातं. त्याऐवजी कंपनीच्या पेजवरून जागा शोधून तिचा जॉब आयडी लिहायचा, खाली चार ओळी अशा की मामाला जशाच्या तशा रेफरलच्या (कंपनीतल्या माणसाने करायच्या शिफारशीच्या) फॉर्ममध्ये डकवता येतील, आणि पीडीएफ. आणि त्याच जागेसाठी तीच फाइल दोन कन्सल्टन्सींना देऊन ठेवायची नाही. कंपनीच्या सिस्टीममध्ये ज्याने आधी टाकलं त्याच्या नावावर उमेदवार जातो, पुढचे काही महिने तसाच राहतो, आणि मामाच्या स्क्रीनवर ‘उमेदवार आधीच नोंदलेला आहे’ एवढंच येतं. तेव्हा आधी मामाला विचारायचं, त्याने टाकलं की कन्सल्टन्सीच्या फोनवर ‘या कंपनीत रेफर झालेय, दुसरं काही असेल तर सांगा’ म्हणायचं.